खेळातून संवादाकडे

जबलपूरपासून २०-२५ किलोमीटर अंतरावर नर्मदेच्या काठी भेडाघाट आहे. तेथे संगमरवराचे उंच कडे दोन्ही बाजूंनी नदीला येऊन भिडले आहेत. पावसाळा सरून पाणी निवळले की पंचवटी घाटावरून नावा सुटू लागतात. नावाडी वल्हे मारता मारता यमके जुळवीत बोलत असतो. मध्येच तो वल्हे थांबवितो, बोटाने एखादा कडा दाखवितो आणि त्यात कोणता आकार दिसतो ते सांगतो. 'बंदरकूदनी' हे स्थळ आले की, पूर्वी येथे कडे इतके जवळ होते की माकडे या काठावरून त्या काठावर उडी घेत, ही कथा तो ऐकवितो. नावेतील माणसे त्याच्या बोटाच्या रोखाने पाहतात, हसतात आणि हसता हसता शेजाऱ्याच्या तोंडाकडे दृष्टी टाकतात.

अशा एखाद्या नावेत सहा-सात वर्षांचा एक मुलगा बसला आहे, अशी कल्पना करावी. त्याचे लक्ष कड्याकडे नाही. वल्ह्याच्या पात्यावरून निथळणारे थेंब तो एकटक पाहत आहे. "बाळा, तिकडे बघ ना, ते काका काय दाखवताहेत!" असे आई दोनदा, तीनदा सांगते. अखेरीस ती त्याची हनुवटी धरून मान वळविते. मुलगा किंचाळतो आणि दोन्ही कान हातांनी दाबून धरतो. नावेत क्षणभर शांतता पसरते. कोणी म्हणते, लाडाने बिघडला आहे. कोणी म्हणते, ऐकू येत नसावे. आई मान खाली घालते. पुन्हा सहलीला निघण्यापूर्वी हे कुटुंब दहा वेळा विचार करील आणि बहुधा निघणारच नाही.

मुलगा बिघडलेला नाही आणि बहिराही नाही. तो स्वमग्न आहे. नावेतील इतरांनी जे सहज केले, म्हणजे दुसऱ्याच्या बोटाच्या रोखाने पाहिले, पाहिलेल्या गोष्टीचा आनंद दुसऱ्याच्या चेहऱ्याशी वाटून घेतला, त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबून मग आपण बोलले, ते त्याला सहज येत नाही. दोन माणसांनी एकाच वस्तूकडे, एकमेकांच्या जाणिवेसह लक्ष देणे याला मानसशास्त्रात 'संयुक्त अवधान' म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये ते पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दिसू लागते. भाषा त्याच्याच आधाराने वाढते. स्वमग्न मुलामध्ये ते उशिरा येते किंवा निराळ्या रीतीने येते. ते शिकविता येईल काय, आणि शिकवावयाचे तर कोणत्या साधनाने, हा या प्रकरणाचा विषय आहे. ते साधन म्हणजे खेळ.

शब्दाचा आणि समजुतीचा इतिहास

इंग्रजीतील 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रथम वापरला, पण तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील अंतर्मुखतेच्या संदर्भात. आजच्या अर्थाचा पाया १९४३ साली घातला गेला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणारे लिओ कॅनर यांनी त्या वर्षी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले वस्तूंत रमत, परिचित क्रम बिघडला की अस्वस्थ होत आणि माणसांशी संबंध जोडताना अडखळत. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथील हान्स आस्पर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले.

त्यानंतरची दोन दशके मातांच्या दृष्टीने फार कठीण गेली. आईच्या मायेतील थंडपणामुळे मूल असे होते, ही कल्पना त्या काळी पुष्कळ तज्ज्ञांनी उचलून धरली. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी आपल्या ग्रंथात या कल्पनेचे खंडन केले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज निर्विवाद आहे. तरीही नावेतील आईला मान खाली घालावी लागते, कारण जुनी समजूत पुस्तकांतून गेली तरी माणसांच्या मनातून गेलेली नाही.

१९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास करून लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी दाखवून दिले की, परस्परव्यवहार, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्ही बाबतींतील अडचणी एकत्र आढळतात. पुढे स्वमग्नतेला एका विस्तृत पट्ट्याची उपमा रूढ झाली. त्या पट्ट्याच्या एका टोकाला अजिबात न बोलणारे मूल असते, तर दुसऱ्या टोकाला आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणणारे, परंतु वर्गात एकही मित्र नसलेले मूल असते. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात तिला स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य झालेल्या २१ प्रकारांत ती समाविष्ट झाली. कायद्याने मुलाला शाळेचे दार उघडून दिले. दारातून आत आल्यावर मधल्या सुट्टीत त्याच्याशी कोण खेळणार, हे मात्र कायदा ठरवू शकत नाही.

खेळच का?

नमस्कार कसा करावा, नाव विचारले असता काय सांगावे, हे पाठ करून घेता येते. पुष्कळ ठिकाणी तसे करून घेतलेही जाते. परंतु पाठ केलेले वाक्य ज्या प्रसंगी शिकविले त्याच प्रसंगी बाहेर पडते. पाहुण्याने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की मूल गोंधळते. याउलट खेळात संवादाची सर्व अंगे असतात आणि त्यांना कारणही असते. चेंडू दुसऱ्याच्या हाती आहे म्हणून त्याच्याकडे पाहावे लागते. तो परत हवा म्हणून खूण करावी लागते. आपला डाव यावयाचा आहे म्हणून थांबावे लागते.

दुसरे असे की, खेळाला नियम असतात. गप्पांना नियम नसतात, निदान ते कोणी स्पष्ट सांगत नाही. गप्पांत केव्हा बोलावे आणि केव्हा थांबावे हे ज्याला उमजत नाही, त्याला सापशिडीत मात्र केव्हा फासा टाकावयाचा हे अचूक कळते. क्रम आणि नियम यांची आवड हे स्वमग्न मुलाचे सामर्थ्य आहे. जो शिक्षक या सामर्थ्यावर उभा राहतो त्याचे निम्मे काम झालेलेच असते.

पहिली पायरी : मुलाच्या खेळात शिरणे

स्वमग्न मूल खेळत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. ती खरी नसते. डब्याचे झाकण फिरविणे, मोटारी एका ओळीत मांडणे, दिव्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे, निथळणारे थेंब पाहणे हा त्याचा खेळच असतो. तो एकट्याचा असतो, एवढेच. म्हणून आरंभ मुलाने नव्हे, तर मोठ्याने करावयाचा असतो.

मूल झाकण फिरवीत असेल तर शिक्षकाने त्याच्यासमोर किंवा बाजूला, त्याच्याच उंचीवर, जमिनीवर बसावे. दुसरे झाकण घ्यावे आणि तेही फिरवावे. प्रश्न विचारू नयेत. "हे काय आहे? रंग कोणता? सांग बघू!" या प्रश्नांनी खेळाची परीक्षा होते. बोलावयाचे तर जे घडते आहे तेवढेच बोलावे: "फिरलं... फिरलं... पडलं!" आणि मग थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड असते. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. पाचव्या किंवा पन्नासाव्या वेळी मूल आपले झाकण थांबवून समोरच्या झाकणाकडे पाहते. संभाषणाचे पहिले वाक्य ते हेच होय.

या पद्धतीची कसोशीने पाहणी झाली ती गोव्यात. तेथील 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसमवेत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ पद्धत इंग्लंडमधील. तेथे ती प्रशिक्षित वाणीतज्ज्ञ राबवीत. दक्षिण आशियात इतके तज्ज्ञ कोठून आणावयाचे? म्हणून येथे हे काम तज्ज्ञ नसलेल्या, परंतु त्यासाठी खास तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांवर सोपविण्यात आले. त्यांच्या आणि पालकांच्या बारा बैठका ठरविल्या होत्या. पालक आणि मूल खेळत असताना काही मिनिटांचे चित्रीकरण करावयाचे आणि मग पालकासमवेत ते सावकाश पाहावयाचे, असा क्रम होता. येथे मुलाने काय पाहिले? त्या वेळी आई काय बोलली? ती मुलाच्या लक्षामागे गेली की मुलाला आपल्यामागे ओढू लागली? चित्र थांबवून हे पाहिले की पालकाला स्वतःलाच उत्तर सापडे.

या प्रयोगात पालकांचे प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागले आणि मुले आपण होऊन पालकांशी अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच मापांवर प्रगती झाली असे नाही. परस्परांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ तर या गटात कमी भरला. अशा कामात चमत्काराची भाषा कोणी बोलू लागला तर सावध राहावे. परंतु मुद्द्याची गोष्ट सिद्ध झाली. घरातील माणूस आणि साधा कार्यकर्ता, हाताशी असलेल्या साध्या वस्तूंनी, हे काम करू शकतो. आणि प्रथम बदलतो तो मोठा माणूस, मूल त्यानंतर बदलते.

दुसरी पायरी : थांबण्याचे खेळ

मुलाने शिक्षकाला आपल्या खेळात घेतले की त्या खेळात छोटा विराम आणावयाचा. सतरंजीवर बसवून मुलाला ओढत न्यावे आणि एकाएकी थांबावे. झोका देताना "एक, दोन..." म्हणून हात तसाच धरून ठेवावा. आपडी-थापडी खेळताना शेवटच्या टाळीपूर्वी हात अधांतरी राहू द्यावेत. भोवऱ्याला जाळी गुंडाळून ती ओढण्याआधी मुलाकडे पाहावे. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असते आणि ते त्याला हवे असते. त्या क्षणी ते काही तरी करते. नजर वर उचलते, हुंकार देते, शिक्षकाचा हात ओढते, अंग पुढे झुकविते. यांपैकी कोणतीही खूण हे पूर्ण उत्तर मानावे आणि खेळ लगेच पुढे चालू करावा. "नीट तोंडाने सांग, मगच देईन" असा हट्ट धरला तर खेळ संपतो आणि अडवणूक सुरू होते.

ज्या मुलाला शब्द येत नाहीत त्याला चित्रे द्यावीत. झोक्याचे चित्र शिक्षकाच्या हाती ठेवले की झोका मिळतो, साबणाच्या बाटलीचे चित्र दिले की फुगे उडतात. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवघेवीची अशीच एक शिस्तशीर पद्धत घडविली. चित्रे दिली तर मूल बोलावयाचे राहील, अशी भीती पालकांना वाटते. ती निराधार आहे. संवादाचा कोणताही मार्ग खुला झाला की दुसरे मार्ग बंद होत नाहीत.

जबलपूर, इंदूर, नागपूर यांसारख्या शहरांतील मराठी कुटुंबांना आणखी एक प्रश्न पडतो. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. मग मुलाचा गोंधळ वाढू नये म्हणून घरातील मराठी सोडून द्यावी काय? तसा सल्ला अनेक पालकांना मिळालेला असतो. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषेची हानी होते, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट मराठी सोडली तर आजी गप्प होते. आणि सागरगोटे, भातुकली, आपडी-थापडी हे खेळ तर आजीच्या जिभेवर मराठीतच असतात. ज्या भाषेत मोठ्यांना मनापासून खेळता येते तीच मुलाशी खेळण्याची भाषा होय.

तिसरी पायरी : डाव आणि नियम

आता खेळात दोनांचे तीन आणि तिनांचे चार भिडू येतात. डाव कोणाचा हे नुसते सांगून भागत नाही. ते डोळ्यांना दिसावे लागते. एक रंगीत रुमाल घ्यावा. ज्याच्या खांद्यावर रुमाल, त्याचा डाव. डाव संपला की त्याने तो स्वतःच्या हाताने पुढच्याच्या खांद्यावर ठेवावा. लगोरीतील फोडाफोडी प्रथम बाजूला ठेवून सात चपट्या दगडांची चळत प्रत्येकाने एक-एक दगड ठेवून रचावी. सात दगड म्हणजे सात डाव. खेळ केव्हा संपणार हे आरंभीच दिसते, म्हणून थांबणे सुसह्य होते.

ओळखीचे खेळ थोडे बदलून घ्यावे लागतात. शिवाशिवीत अचानक होणारा स्पर्श काही मुलांना असह्य असतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या कमरेला फीत खोचावी आणि ती ओढावी. 'डोंगर का पाणी' या खेळात डोंगर म्हणजे ओटा आणि पाणी म्हणजे अंगण हे कल्पनेने मानावयाचे असते. तेथे निळे कापड अंथरले की नियम जमिनीवर उतरतो. 'शिवाजी म्हणतो' या खेळाची गंमत मात्र फसविण्यात आहे. आज्ञा ऐकावी आणि तरी पाळू नये, हे शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला अन्यायाचे वाटते. असा खेळ उशिरा घ्यावा किंवा घेऊच नये.

लपंडावही वाटतो तितका सोपा नाही. नीट लपावयाचे तर शोधणाऱ्याला कोठून काय दिसेल याचा अंदाज असावा लागतो. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ साली बाहुल्यांचा एक लहानसा प्रसंग करून हीच क्षमता तपासली. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी ती उचलून पेटीत ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कोठे शोधील? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी, गोटी प्रत्यक्षात होती ती जागा दाखविली. चौघांनी मात्र बरोबर उत्तर दिले, हेही विसरता कामा नये. या प्रयोगावरून स्वमग्न मुलांना दुसऱ्याविषयी भावनाच नसतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. दुसऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज करणे वेगळे आणि त्याच्याविषयी जिव्हाळा वाटणे वेगळे. शिक्षकाने लपंडावाआधी मुलासमवेत एक बाहुली लपवावी, मग दोघांनी मिळून दारात उभे राहून पाहावे: "इथून बाहुली दिसते का? पाय दिसतात!"

हरणे हाही एक धडा आहे. सापाच्या तोंडी गेलेली सोंगटी खाली आली की काही मुले पट उधळून देतात. रागावण्याऐवजी शिक्षकाने आपल्या डावात साप लागताच मोठ्याने म्हणावे, "अरे, साप लागला. वाईट वाटलं. आता पुन्हा चढू." हरल्यावर काय म्हणावयाचे असते याचे उदाहरण मुलाला प्रथमच ऐकावयास मिळते.

चौथी पायरी : मिळून एक वस्तू घडविणे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांना आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन मुले आपापल्या लेगो ठोकळ्यांच्या रचना एकमेकांना दाखवीत असलेली दिसली. एरवी दुसऱ्या मुलांत न मिसळणारी ही मुले ठोकळ्यांविषयी मात्र आपण होऊन बोलत होती. त्यातून घडविलेल्या पद्धतीवरचा अभ्यास त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीत तीन मुले मिळून एक वस्तू बांधतात. एक अभियंता, नकाशा केवळ त्याच्याकडे असतो आणि कोणता तुकडा हवा ते तो शब्दांनी सांगतो. दुसरा पुरवठादार; तो तुकडा शोधून देतो. तिसरा बांधणारा. काही वेळाने भूमिका बदलतात. नकाशावाल्याने नीट सांगितले नाही तर भिंत उभीच राहत नाही. स्पष्ट बोलण्याची गरज येथे शिक्षकाच्या उपदेशातून नव्हे, तर कामातूनच निर्माण होते. यासाठी परदेशी ठोकळेच हवेत असे नाही. लाकडी ठोकळे किंवा रंगविलेल्या काडेपेट्या आणि शिक्षकाने काढलेले एक चित्र एवढ्यावर भागते.

शिकावयाचे कोणी?

येथपर्यंत वाचून असे वाटेल की, उणीव सर्वस्वी मुलातच आहे. २०१२ साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी या गृहीतालाच हरकत घेतली. ते स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे असे की, स्वमग्न माणसाला जशी इतरांची मने कळत नाहीत, तशीच इतरांनाही स्वमग्न माणसाची मने कळत नाहीत. दरी दोन्ही बाजूंनी आहे.

एडिंबरो येथील कॅथरिन क्रॉम्पटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा पाहिली ती एका खेळातूनच. आपल्याकडील मुले कानगोष्टी खेळतात, तसा तो प्रयोग होता. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगावयाची, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि अखेरीस किती तपशील उरला ते मोजावयाचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केवळ स्वमग्न प्रौढांच्या साखळ्यांनी गोष्ट इतरांच्या साखळ्यांइतकीच चांगली पोहोचविली. गळती अधिक झाली ती मिश्र साखळ्यांत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्यांतील ही जादा गळती पुन्हा आढळली नाही. परंतु स्वमग्न माणसे माहिती इतरांइतकीच नीट पोहोचवू शकतात, हे तेथेही दिसून आले.

यातून शिक्षकासाठी काही मर्यादा निघतात. डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्ती करू नये. पुष्कळ स्वमग्न माणसे मोठेपणी सांगतात की, डोळ्यांकडे पाहिले तर ऐकणे अवघड जाते. हात फडफडविणे, डोलणे यांपासून कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवू नये. मन स्थिर ठेवण्याचा तो मुलाचा मार्ग असतो. 'पुरे' हे सांगण्याचे चित्र प्रत्येक मुलापाशी असावे आणि ते दाखविताच खेळ खरोखर थांबावा. ज्या खेळातून बाहेर पडता येत नाही तो खेळ नव्हे. आणि वर्गातील इतर मुलांनाही शिकवावे: मित्र उत्तर द्यावयास वेळ घेतो, तेव्हा थांबा, त्याला मोटारी ओळीत लावावयाच्या असतील, तर एक मोटार तुम्हीही लावा.

कॅनर यांनी वर्णिलेला पहिला मुलगा डोनल्ड ट्रिपलेट अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॉरेस्ट या लहान गावचा होता. लहानपणी तो हाती येईल ती वस्तू गरगर फिरवीत बसे. पुढे तो गावातल्याच बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवू लागला, दूरदूरचे प्रवास करून आला आणि कित्येक वर्षे नेमाने गोल्फ खेळला. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. तो अखेरपर्यंत स्वमग्नच होता. गावाने त्याला आपला मानले आणि खेळात त्याला भिडू मिळत राहिले.

पुन्हा भेडाघाट

आता त्या नावेतील मुलाला पुन्हा भेडाघाटी न्यावयाचे आहे, असे समजावे. तयारी पंधरा दिवस आधी वर्गातच सुरू होते. बाके ओळीने लावून त्यांची नाव करावी. एक मूल नावाडी. डोक्याला रुमाल बांधून त्याने काठीचे वल्हे मारावे आणि भिंतीवर लावलेली चित्रे एकेक करून बोटाने दाखवावीत. इतरांनी पाहावे. मग रुमाल दुसऱ्याच्या डोक्यावर जावा. आपल्या मुलालाही नावाडी होण्याची पाळी यावी, म्हणजे दाखविणे काय असते हे त्याला दाखविणाऱ्याच्या बाजूने कळेल. अंगात घालावयाचे तरंगजाकीट आधी मिळवून ते रोज पाच मिनिटे घालून बसावे. बस, घाट, पायऱ्या, नाव, परत बस अशी चित्रांची पट्टी करावी आणि प्रत्येक टप्पा झाला की त्यावर मुलाने खूण करावी.

धुवांधार धबधब्याचा आवाज दुरूनच ऐकू येतो. तो काही मुलांना आनंद देतो आणि काहींना मुळीच सोसत नाही. म्हणून धबधब्याचा ध्वनी वर्गात आधी अगदी हळू, मग थोडा मोठा ऐकवावा. कानांवर लावावयाची जाड आवरणे आणि 'पुरे' चे चित्र बरोबर घ्यावे. पाण्याच्या काठाशी प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस असावे. पाण्याची ओढ आणि धोक्याची अपुरी जाणीव यांमुळे स्वमग्न मुलांच्या बाबतीत येथे क्षणाचीही गाफिली चालत नाही. गर्दीच्या दिवशी, म्हणजे रविवारी किंवा पर्वणीला जाऊ नये. नावाड्यालाही आधी सांगून ठेवावे, की मुले कदाचित तुझ्याकडे पाहणार नाहीत, पण ऐकत असतील. एकेक कडा दाखवून जरा थांब.

इतके करूनही नाव सुटल्यावर मुलगा वल्ह्यावरून निथळणारे थेंबच पाहत राहील, अशी शक्यता आहे. त्या वेळी त्याची हनुवटी धरू नये. शेजारी बसलेल्या आईने किंवा शिक्षकाने आपली मान खाली करावी आणि तेही थेंब पाहावेत. "पडला... पडला... आणखी एक पडला." मग थांबावे. नावाडी वर कड्याकडे बोट दाखवीत असतो, माणसे हसत असतात. मुलाने एकदा थेंबाकडे पाहून लगेच शेजारच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर पंधरा दिवसांचे श्रम सार्थकी लागले असे समजावे. कडे पुढच्या खेपेलाही तेथेच असतील.